मंगरुळे सरांचा बुधला

मंगरुळे सरांना चांगली बातमी सांगायला कुणी जात नसे. गेलंच कुणी नवखं, तर सर शांतपणे ऐकून घ्यायचे, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "बरं. पुन्हा दाखवा की." पोरगा पहिला आला? पुढच्या वर्षी पुन्हा येऊन दाखवू दे. पेढे छान झालेत? उद्या पुन्हा तसेच झाले तर खरे. आमच्या कॉलेजच्या हेडक्लार्कला जुळं झालं तेव्हाही सर हेच म्हणाले, असं स्टाफरूममध्ये सांगायचे. ते मात्र खोटं आहे. सर विनोद करत नसत.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायची, ते रसायनशास्त्राचे प्रमुख. दोन्ही प्रयोगशाळा एकाच भिंतीला टेकलेल्या, मधे एक दार. ते दार मी बारा महिने बंद ठेवायला बघायची आणि सर बारा महिने उघडं. का, तर माझ्याकडं काय चाललंय ते त्यांना दिसायला हवं! माझ्या कुंडीतल्या रोपावरसुद्धा त्या माणसाचा विश्वास नव्हता. "बाई, हे खरंच वाढतंय, की तुम्ही रोज नवीन आणून लावता?" असं एकदा विचारलं होतं त्यांनी, अगदी गंभीरपणे.

उंच, काटकुळा माणूस. गाव मैंदर्गी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, फूटपट्टी लावून ओढल्यासारखे. घरात कानडी, वर्गात मराठी, आणि राग आला की पुन्हा कानडी. रागातले त्यांचे शब्द दोनच. 'सुळ्ळ' म्हणजे खोटं आणि 'निज' म्हणजे खरं. त्यांचं एक सूत्र होतं, नव्या वर्गाला पहिल्या दिवशी फळ्यावर न लिहिता तोंडानं सांगायचे: "एकदा आलं तर योगायोग. दोनदा आलं तर नशीब. तीनदा आलं तर निज." पोरं माना डोलवायची. बिचारी. त्यांना कुठं ठाऊक होतं पुढं काय वाढून ठेवलंय ते!

एका पोराला त्यांनी परीक्षेत आम्लाच्या बाटलीतून नुसतं पाणी दिलं. मुद्दाम. पोरानं तासभर नळीतून थेंब सोडले आणि शेवटी पुस्तकात असतो तो आकडा लिहून दिला. सरांनी तो पेपर नोटीस बोर्डावर लावला. खाली लिहिलं, 'पाण्यात आम्ल सापडले. शोधकाचे अभिनंदन.' वर्षभर तो कागद तिथं होता. पोरगं शास्त्र सोडून कला शाखेला गेलं आणि पुढं वकील झालं, म्हणजे सरांनी त्याचं भलंच केलं म्हणायचं.

घरीही तेच. त्यांच्या बायकोचं नाव गौरक्का. ठेंगणी, गोरी, हसऱ्या तोंडाची बाई. एका रविवारी मी काही कामानं गेले तर सर जेवायला बसलेले. ताटात शेंगांची चटणी. आता सोलापुरात शेंगांची चटणी कुणाच्या घरी नसते? पण सरांनी ती बोटावर घेतली, जिभेला लावली आणि म्हणाले, "कालची ही नव्हे."

"तीच की हो. तेच शेंगदाणे, तेच तिखट," गौरक्का म्हणाल्या.

"मग पुन्हा कर बघू."

माझ्यादेखत त्या उठल्या आणि उखळात पुन्हा कुटायला बसल्या. दुसरी झाली, मग तिसरी. सरांनी तिन्ही चटण्या ताटाच्या कडेला ओळीनं मांडल्या, एकेक चाखली आणि निकाल दिला. "तीन चटण्या, तीन तऱ्हेच्या. म्हणजे तुला चटणी येत नाही. कधीमधी जमून जाते, एवढंच." पाहुणी समोर बसलेली, आणि हा माणूस बायकोला असं बोलतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गौरक्कांनी उखळ धुवून पालथं घातलं. त्यानंतर त्या घरात चटणी झाली नाही, आणि गौरक्कांना हसताना मी फारसं पाहिलं नाही. सर मात्र म्हणायचे की घरात शांतता आहे.

या माणसाला कॉलेजात हात लावायची कुणाची टाप नव्हती, त्याचंही कारण आहे. आमच्या संस्थेच्या चेअरमनचे अक्कलकोट रोडला माग होते, टॉवेल-चादरींचे. सरांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल सत्कार ठेवला आणि चेअरमननी स्वतःच्या कारखान्याची लाल चादर त्यांच्या खांद्यावर घातली. "रंग पक्का आहे बरं का सर," असं माइकवर बोलले. संपलं! सरांनी गळ्यात हार तसाच ठेवून, टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात चादरीचं टोक बुडवलं आणि आपल्या पांढऱ्या रुमालावर घासलं. रुमाल लाल झाला. तो त्यांनी सभेला दोन्ही बाजूंनी दाखवला. "कच्चा," म्हणाले आणि खाली बसले.

चेअरमन मोठ्यांदा हसले. पण माणूस धंद्यातला, हुशार. चावणारं कुत्रं आपल्याच दारात बांधलेलं बरं, हे त्याला कळत होतं. तेव्हापासून प्रत्येक नव्या रंगाचा नमुना सरांकडे यायला लागला, आणि कॉलेजात कुणाला कायम करायचं, कुणाला नाही, तेही सरांना विचारून ठरू लागलं.

आता बुधल्याचं सांगते. दोन प्रयोगशाळांच्या मधल्या त्या दाराशी काचेचा एक दांडगा बुधला असायचा, घडवंचीवर ठेवलेला, खाली तोटी. त्यावर सरांनी आपल्या टाकानं, ठसठशीत अक्षरात लिहून चिकटवलेलं: 'डिस्टिल्ड पाणी'. पाणी उकळून त्याची वाफ गार करून शुद्ध पाणी काढायचं यंत्र आमच्याकडं होतं, पण ते थेंब थेंब गळायचं. दिवसभर चालवलं तरी बुधला अर्धासुद्धा भरत नसे. आणि सरांचा दंडक असा की बुधला रिकामा दिसता कामा नये. चेअरमन केव्हाही पाहुणे घेऊन यायचे. प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या समोर काय, तर रिकामा बुधला? छे! मग संध्याकाळी जो शेवटी निघायचा तो विहिरीच्या नळाचं पाणी ओतून बुधला वरपर्यंत भरायचा. आमच्या कॉलेजच्या विहिरीचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नसे आणि डाळ शिजत नसे. पण दिसायला नितळ. हे शिपायापासून लेक्चररपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सरांना ठाऊक नव्हतं, कारण भरलेला बुधला बघितला की ते खूश असायचे. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या माणसानं स्वतःच्या अक्षरावर कधी संशय घेतला नाही.

आणि ठाऊक नव्हतं ते सरवदेंना.

सरवदे नवे होते, तरुण. बौद्ध घरातले. वडील गिरणीच्या रंगखात्यात होते, आयुष्यभर रंगाच्या हौदात हात घातलेले. घरात पगाराची, खुर्चीवरची नोकरी मिळालेला हा पहिलाच मुलगा, आणि तीही कच्ची. दोन वर्षांनी कायम करणार की नाही ते ठरायचं होतं. मागं दोन बहिणींची लग्नं. पण माणूस रडका नव्हता. माझ्याकडं आला तो वाळकी मुळी घेऊनच. "बाई, ही बारतोंडीचीच का?" होती बारतोंडीची. या झाडाच्या मुळ्यांपासून जुने रंगारी लाल रंग काढायचे, त्याला आल म्हणत. पुढं डब्यातली विलायती भुकटी आली आणि लोक ते विसरले. सरवदेंना तो रंग परत आणायचा होता, तुरटी लावलेल्या सुतावर. मी त्यांना शेताच्या बांधावरची झाडं दाखवली. वर्षभर तो माणूस मुळ्या कुटत होता.

आणि रंग आला हो! साबणाच्या उकळत्या पाण्यात सूत तासभर ठेवलं तरी पाणी पांढरंच. सरवदेंनी एकदा नाही, वीसदा केलं. मग लेख लिहिला, तो मोठ्या मासिकात छापून आला. आमच्या कॉलेजातून छापून आलेला तो पहिला लेख. सरवदे पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आले. सरांनी पेढा घेतला, लेख तिथंच उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला.

"अभिनंदन सरवदे. पुन्हा दाखवा की. सगळ्यांसमोर."

"आनंदानं, सर," सरवदे म्हणाले. त्या आनंदात त्यांनी प्रयोगाच्या दिवशी वडिलांनाही बोलावलं. असला मूर्खपणा माणूस आनंदातच करतो.

चेअरमन आले, सगळा स्टाफ आला. मागच्या बाकावर धुतलेलं धोतर नेसून सरवदेंचे वडील बसले, मांडीवर टोपी. आणि सरांनी काय करावं? प्रयोग अगदी काटेकोर व्हायला हवा म्हणून सगळी काचेची भांडी आदल्या दिवशी स्वतः आम्लानं धुतली, आणि बुधल्यातलं पाणी नको, कुणी काही मिसळेल म्हणून, पुण्याहून सीलबंद डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्या मागवल्या. "तुम्ही लेखात डिस्टिल्ड लिहिलंय. हे घ्या, याहून शुद्ध मिळणार नाही," म्हणाले. सरवदेंनी हसून बाटल्या घेतल्या. माझं डोकंही तेव्हा चाललं नाही. मला काय कळतंय रंगातलं!

सूत रंगात बुडालं, वर आलं, वाळलं. जरा फिकट होतं. मग साबणाच्या उकळत्या पाण्यात सोडलं, आणि हळदीकुंकवाच्या ताटात पाणी सांडावं तसं सगळं पाणी लाल झालं. सूत बाहेर काढलं ते विटकरी, मरतुकडं.

"दुसऱ्यांदा," सर म्हणाले.

दुसऱ्यांदाही तेच. सरवदेंनी सूत उजेडाकडं धरलं. "सर, असं कधी झालं नाही. काहीतरी..."

"तिसऱ्यांदा."

तिसऱ्यांदा सरवदे सूत बाहेर काढेचनात. सरांनीच चिमट्यानं उचललं आणि हवेत धरलं. लाल पाणी टपटप टेबलावर पडत होतं. चेअरमननी विचारलं, "मग सर?" सर म्हणाले, "सुळ्ळ."

एवढा एक शब्द. सरवदेंचे वडील उठले, टोपी डोक्यावर घातली, मुलाकडं न बघता निघून गेले. महिन्याभरात सरवदेंना कळवण्यात आलं की संस्थेला त्यांची गरज नाही.

सर जात बघत नव्हते, हे मी छातीठोक सांगते. त्यांनी सगळ्यांना सारखंच सोललं. पण सोललेल्या माणसाला घरी जाऊन पडायला काहीतरी लागतं, कुणाची शेती, कुणाचा मामा संस्थेत, कुणाचं नवी पेठेत दुकान. माझ्या वडिलांचंच होतं. सरवदेंचं काय होतं? आणि स्टाफरूममध्ये चहा ढवळत एकजण बोललाच, "यांचं असंच असतं हो." त्याच्या कपात मी थुंकले नाही, एवढं एकच सौजन्य मी दाखवलं. सरांनीही ते ऐकलं. तेही गप्प बसले. त्यावर 'पुन्हा दाखवा' म्हणावंसं त्यांना वाटलं नाही.

सरवदे पुढं जकात नाक्यावर कारकून म्हणून चिकटले.

एवढ्यावर भागलं असतं तर तो माणूस मंगरुळे कसला! दरवर्षी नवा वर्ग आला की सर मुलांसमोर सरवदेंचा प्रयोग करायचे. तेच सूत, त्याच मुळ्या, पुण्याहून मागवलेलं तेच सीलबंद पाणी. नावही ठेवलं होतं, 'सरवदे लाल'. पाणी लाल झालं की मासिक उघडून दाखवायचे. "बघा, छापलंय. छापलेलं सगळं निज नसतं." मुलं हसायची. एकदा त्या वर्गात सरवदेंचीच धाकटी बहीण बसलेली होती. हे सरांना ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिनं पुढं नाव काढून घेतलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सोलापुरात माणसं घागरी घेऊन रात्ररात्र नळाशी बसायची, तिथं आमचं यंत्र कोण चालवणार? ते बंदच पडलं. पुण्याच्या बाटल्यांतलं राहिलेलं शुद्ध पाणी परीक्षेसाठी कुलपात ठेवलं. सरवदे लालचा तास आला तेव्हा शिपायानं विचारलं, "सर, आज पाणी कुठलं आणू?"

दार उघडं होतं, मी ऐकलं. सर म्हणाले, "विहिरीचं आण की. खोट्याला कसलं डिस्टिल्ड लागतंय?"

उभ्या आयुष्यात तो माणूस एकदाच ढिला पडला. सूत रंगवलं, साबणात उकळायला टाकलं आणि बोलत बसले. मासिक उघडलं. मुलं हसायच्या तयारीत. आणि पाणी पांढरंच! एक पोरगी म्हणाली, "सर, हा तर पक्का निघाला." सरांनी खाली वाकून बघितलं. आणखी साबण टाकला, आणखी उकळलं. तास संपला, मुलं गेली, तरी सर तिथंच. सूत चिमट्यानं वर धरलं, तर लालभडक, नव्या नवरीच्या शालूसारखं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा. नंतर कुलूप उघडून शुद्ध पाणी काढलं आणि त्यात केलं, तर रंग सुटला. ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत चमक. लाज नव्हती त्यात, मजा होती.

"बाई, चुना. जड पाण्यात चुना असतो. चुन्याशिवाय हा रंग सुताला धरत नाही. सरवदे पाणी कुठलं घ्यायचे हो?"

"बुधल्यातलं," मी म्हणाले. "तुमच्या बुधल्यातलं. आणि रोज संध्याकाळी त्यात विहिरीचं पाणी पडायचं, सर. रिकामा दिसता कामा नये म्हणून."

ते बुधल्यापाशी गेले आणि वाकून आपलंच अक्षर वाचू लागले.

"म्हणजे त्यांचं खरं होतं," मी म्हणाले. "जाऊन सांगा त्यांना. आजच्या आज."

"सांगणारच की," सर म्हणाले. त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मीही टांग्यात बसले.

नाक्यावर धुळीचे लोट. सुताच्या ट्रकांची रांग, खिडकीत सरवदे. वाळले होते. आम्हाला बघून उभे राहिले. अजूनही उभे राहिले, बघा! सरांनी पिशवीतून लाल सुताची लड काढून खिडकीत ठेवली आणि सगळं सांगितलं. चुना, जड पाणी, विहीर. सरवदे त्या लडीवरून हात फिरवत राहिले.

"म्हणजे मी खोटा नव्हतो," ते म्हणाले.

"तुमचा निकाल खरा," सर म्हणाले. "पण तुम्ही डिस्टिल्ड लिहिलंत. ते डिस्टिल्ड नव्हतं. निकाल निज, लेख सुळ्ळ."

माझे हात शिवशिवले. सरवदेंनी मात्र तेवढ्यातही आशा धरली. तालुक्याच्या गावी नवं कॉलेज निघत होतं, त्यांनी अर्ज केला होता. तिथले प्राचार्य म्हणाले होते, मंगरुळे सरांची चिठ्ठी आणा, उद्या रुजू व्हा. "सर, आता तरी द्याल का चिठ्ठी? वडील अंथरुणाला खिळलेत. त्यांना एकदा दाखवायचंय."

"जे खरं ते लिहीन," सर म्हणाले. मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. सरवदेंनी लड खिशात घातली.

चिठ्ठी लिहिली सरांनी, दुसऱ्याच दिवशी. मला वाचून दाखवली, चूक राहू नये म्हणून! 'श्री. सरवदे यांचा निष्कर्ष बरोबर आहे, हे मी तीनदा पडताळले आहे. मात्र प्रयोगात वापरलेल्या पाण्याबद्दल त्यांनी लेखात दिलेली माहिती असत्य आहे.'

"हे वाचून कोण घेईल त्यांना?" मी ओरडलेच. "असत्य? लेबल कुणाचं होतं सर? अक्षर कुणाचं होतं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, लागलं. आता तरी लागलं.

"लेबल माझं होतं," ते सावकाश म्हणाले. "पण लेबल वाचून विश्वास ठेवला तो सरवदेंनी. संशोधकानं पाणी तपासायला पाहिजे."

"मग तीन शब्द वाढवा. 'लेबल माझे होते' एवढंच लिहा. त्या माणसाचं आयुष्य आहे ते."

"तो भाग प्रयोगाचा नाही, बाई," म्हणाले आणि पाकीट चिकटवलं.

सरवदेंना ती नोकरी मिळाली नाही. वडील पावसाळ्याआधीच गेले. लाल सुताची लड त्यांना दाखवली होती का, हे मी विचारलं नाही. काय म्हणून विचारायचं?

पुढं सर निवृत्त झाले. निरोपाला काय द्यायचं हा प्रश्न होता. चादर द्यायची कुणाची छाती नव्हती. तुम्हीच सांगा म्हटल्यावर सरांनी बुधला मागितला, आणि सोबत ते मोडकं यंत्र. मैंदर्गीच्या एसटीच्या टपावर बुधला गोणपाटात बांधून गेला.

त्यानंतर एकदाच गेले मी. अक्कलकोटला कामानिमित्त गेले होते, तिथून मैंदर्गी जवळ. सर ओसरीवर खुर्चीत बसलेले, कपाळावर तेच तीन पट्टे. बाजूला घडवंचीवर बुधला, वरपर्यंत भरलेला, त्याच्यावर तेच लेबल. अक्षर अजून ठसठशीत.

मी आत गौरक्कांना भेटायला गेले. यंत्र कोपऱ्यात, त्यावर जाळी धरलेली, स्टोला गंज. मी बघतेय हे बघून गौरक्कांनी आवाज खाली आणला.

"सरांना मुतखडा झालता. डॉक्टर म्हणले, विहिरीचं पाणी जड हाय, ते पिऊ नका. मग काय, शुद्धच पाहिजे म्हणून बसले. रोज दिवसभर स्टोजवळ बसून मी थेंब थेंब काढायचं व्हय? डोळं गेलं माजं धुरानं. तीन वर्सं झाली, विहिरीचंच भरतीय. तुमी सांगू नगा."

"आणि खडा?"

"न्हाय उठला. देवाची दया." आणि त्या हसल्या. कितीतरी वर्षांनी मी ते हसू बघत होते.

बाहेर येऊन बसले. गौरक्कांनी मलाही त्याच तोटीतून पाणी दिलं. मचूळ, जड, ओळखीची चव. सरांनी आपला पेला उजेडाकडं धरून बघितला आणि घोट घेतला.

"सरवदे कुठं असतात हो?"

"नाक्यावरच."

"हुशार होता. पण लेबल वाचून विश्वास ठेवला." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "पाणी तपासायला पाहिजे होतं त्यानं."

मग पुढं वाकले, डोळ्यांत तीच जुनी चमक. "बाई, मी लेख लिहितोय. मुतखड्यावर. पहिल्या वर्षी शुद्ध पाणी प्यालो, खडा उठला नाही. मी म्हटलं, योगायोग. दुसऱ्या वर्षी नाही, म्हटलं नशीब. हे तिसरं वर्ष. निज! आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी छापायला देणार आहे. सगळी पद्धत लिहिलीय, पाण्यासकट. कुणीही पुन्हा करून बघावं. पाठवू ना?"

गौरक्का दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला आठवलं ते मागच्या बाकावरचं धुतलेलं धोतर आणि मांडीवरची टोपी.

"पाठवा की, सर," मी म्हणाले. "मोठ्या मासिकाला पाठवा. नावासकट छापून येऊ द्या."

सर समाधानानं मागं टेकले. माझ्या देखत ते समाधानानं टेकल्याचं मला दुसरं आठवत नाही. मग त्यांची नजर बुधल्याकडं गेली. आमच्या दोन पेल्यांनी पाणी बोटभर खाली गेलं होतं.

"गौरा," ते म्हणाले, "भर तो. रिकामा दिसता कामा नये."

"व्हय," गौरक्का म्हणाल्या आणि कळशी घेऊन मागच्या दारानं विहिरीकडं गेल्या.